गुरुवारी डॉक्टर बसत नाहीत

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या बुधवारी, सकाळी साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान, चाकणमधल्या एका कंपनीच्या गेटवर, फर्स्ट शिफ्ट आत जात असताना. करणारी मी.

कोणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत आलंच पाहिजे असं मला शिकवलंय. मी कामगारांच्या एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहिते. माणूस गेटवर पत्रक हातात घेतो आणि दहा पावलांवर टाकून देतो. त्या दहा पावलांत जे सांगायचं ते सांगायचं. करणाऱ्याकडे बोट दाखवताना आम्ही कधी कचरत नाही, तर इथेही कचरायचं कारण नाही. बहिणीचं नाव मात्र लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाचंही नाही. गाव, कंपनी, काम यांतलं काही मी बदललंय. काय, ते सांगणार नाही. ही अक्कल मला उशिरा आली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लातूरकडच्या आमच्या गावातून ती आधी भोसरीला आली, वर्षभरानं मला बोलावून घेतलं आणि कॉलेजात घातलं. खोली दहा बाय दहाची, ओळीतली सहावी, मोरी आत, संडास बाहेर. मालक भोसरीतलेच जुने शेतकरी. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर खोल्या झाल्या. घरमालकीणबाईंना आम्ही मावशी म्हणायचो. ताई चाकणला वायर हार्नेसच्या कंपनीत लागली. गाडीच्या पोटात रंगीत वायरींच्या जुड्या असतात ना, त्या बनवायच्या. वायर कनेक्टरमध्ये ढकलायची, टिक आवाज आला की बसली. पुढची. परत टिक. बायकांना तिथे फर्स्ट शिफ्टच, वर ओव्हरटाइम. भरती ठेकेदाराची, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये बसायचं, पण स्वतःला कंपनीची म्हणवून घ्यायचं नाही.

सुट्टी गुरुवारी. रविवार शाळांचा आणि ऑफिसांचा. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांचा वार गुरुवार.

त्या गुरुवारांची मला आठवण येते असं लिहिलं तर ते कमी पडतं. आजही गुरुवारी सकाळी डोळे उघडायच्या आधी मी कान लावते. ताई चूळ भरायच्या आधी बोलायला लागायची. लाईनवर बोलायला बंदी, त्यामुळे आठवडाभराचं बोलणं तुंबलेलं असायचं. सुपरवायझरला ती गॅस सिलिंडर म्हणायची, कारण हलवून बघितल्याशिवाय भरलेला आहे की रिकामा ते कळायचं नाही. मला पत्रकवाल्या बाई. मग ती सुशीला करायची. चुरमुरे भिजवून, पिळून, शेंगदाण्याचं कूट आणि गरजेपेक्षा दुप्पट हिरवी मिरची. गुरुवारी हटकून लाईट जायची, कारण दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात. पंखा थांबला की आम्ही ताटल्या घेऊन दारात. मावशी समोरून जाताना थांबायच्या.

"काय गं लातूरवाल्यांनो, भडंग भिजवून खाताय व्हय? दात न्हाईत का तुमाला?"

"हायत की मावशी," ताई म्हणायची, "आज त्यांचीबी सुट्टी हाय."

एवढंच. याच्यापेक्षा मोठं काही त्या गुरुवारांत घडत नसे, आणि मला तेवढंच परत हवंय.

ते कधी थांबलं हे मला नेमकं सांगता येत नाही. दुसऱ्यांच्या निलंबनाच्या तारखा मला तोंडपाठ असतात, आणि माझ्याच खोलीत, हाताच्या अंतरावर झोपणारी बहीण कधी गप्प व्हायला लागली याची नोंद माझ्याकडे नाही. आधी प्लग आला. मोबाईलचा चार्जर ती सॉकेटमध्ये घालायची, काढायची, परत घालायची, आणि मला विचारायची, आवाज आला का. मग कुलूप. मग गॅस. एकदा गॅस बघायला ती गल्लीच्या टोकावरून तीनदा परत आली आणि कंपनीची बस निघून गेली. मग झोप गेली, जेवण गेलं, सगळ्यात शेवटी बोलणं. एका गुरुवारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लाईट गेली, पंखा थांबला, पाठीवरचा ड्रेस घामानं काळा पडला, तरी तिनं कूस बदलली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. दोनदा लावलं.

संघटनेच्या कामामुळे मला माहीत होतं की एका सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी चालते, गोळ्या फुकट मिळतात. सोमवार आणि शुक्रवार, केसपेपर सकाळी अकरापर्यंत. एका शुक्रवारी मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. बाकड्यावर तिनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती, कंपनीतलं कुणी दिसेल म्हणून. रांग जिन्यापर्यंत गेलेली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी काम काय करता असं विचारलं. ताईनं खूप वेळ घेऊन सांगितलं, वायर, कनेक्टर, टिक. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पुन्हा पुन्हा तपासून बघायची ही सवय तुमच्या कंपनीला फार आवडत असेल," त्या म्हणाल्या.

ताई हसली. फिसकन, ओढणीच्या आत. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग डॉक्टरांनी सांगितलं की गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर आणि त्यानंतरही मनानं बंद करायची नाही, आणि औषध पंधरा दिवसांचंच मिळतं म्हणून दर पंधरा दिवसांनी यायचं.

उपचार चांगला होता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सरकारी म्हटलं की लोक नाक मुरडतात. पाचव्या आठवड्यात, गुरुवारीच, मी अजून अंथरुणात होते. शेजारच्या खोलीत नवा भाडेकरू आला होता आणि तो उठल्या उठल्या सगळ्या ओळीला ऐकू जाईल असा खोकायचा. तो खोकला आणि पांघरुणातून आवाज आला, "भोंगा झाला बघ. चला आत."

मी डोळे उघडले नाहीत. मी उठले तर ती थांबेल, अशी मला भीती वाटली. ती पुढे बोलत राहिली, भोंग्याबद्दल, मावशींच्या कोंबडीबद्दल, घरात मिरच्या संपल्याबद्दल, आणि मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहिले. कुणी मला विचारलं की तुला आयुष्यातली कुठली पंधरा मिनिटं परत पाहिजेत, तर मला विचार करावा लागणार नाही.

आता खाड्यांचं. दर पंधरा दिवसांनी दवाखाना म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक खाडा. गुरुवारी ती रिकामी, तेव्हा डॉक्टर बसत नाहीत. डॉक्टर बसतात तेव्हा ती लाईनवर. खाडे जास्त झाले की ठेकेदार दुसरी पोरगी आणतो. भोसरीत पोरींना तोटा नाही. खरं कारण सांगायची सोय नव्हती. "डोक्याच्या डॉक्टरकडं जायलेय म्हटलं की आधी हातातला वायरीचा कटर काढून घेतील," ती म्हणायची. मग आम्ही दोघी गुरुवारी बसून कारणं तयार करायचो. मावसभावाचं लग्न. दाढ. चुलत आजीचा दहावा. आधार कार्डावरचं चुकलेलं नाव. परत मावसभावाचं लग्न, पण दुसऱ्या मावसभावाचं. तिची लाईन लीडर, सोलापूरकडची एक बाई, एकदा सगळ्यांसमोर म्हणाली की तुझ्या घरात लग्न नसलं की मयत असतं बाई, शुक्रवार तेवढा रिकामा जात नाही. ताईनं त्या बाईची नक्कल करून मला हे सांगितलं. आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली की अजून किती मारायची माणसं.

याच सुमारास मी संघटनेत विषय मांडला. मागणी साधी होती: मानसोपचाराची ओपीडी कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, तीही भोसरी आणि चाकण दोन्हीकडे. संघटनेतले ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो आणि ज्यांच्याकडून मी लिहायला शिकले, त्यांना मागणी पटली. मसुदा वाचून मात्र ते म्हणाले की हे निवेदन झालं, पत्रक नाही. यात माणूस कुठाय? एक माणूस टाक. नाव टाकू नकोस, पण खरा टाक.

मी एका बैठकीत लिहिलं. लातूरकडून आलेली, हार्नेसच्या लाईनवर काम करणारी, धाकट्या बहिणीला शिकवणारी एक ताई. दर पंधरा दिवसांनी औषधासाठी तिला खोटं बोलावं लागतं. तिच्या मावसभावाची दोनदा लग्नं झाली, नसलेल्या चुलत आजीचा दहावा झाला. शेवटी: ही वेड्यांची गोष्ट नाही, ही वेळापत्रकाची गोष्ट आहे. भाऊंनी वाचून मान हलवली. मला फार बरं वाटलं. ते मावसभावाचं वाक्य तर मी स्वतःशी चार-पाच वेळा म्हणून बघितलं, इतकं ते मला आवडलं होतं.

ताईला मी सांगितलं होतं की गुरुवारच्या ओपीडीवर पत्रक लिहितेय. ती म्हणाली, लिही की. वाचून दाखवलं नाही. दाखवायला पाहिजे हे सुचलं नाही, असंही म्हणता येणार नाही. सुचलं होतं. पण छापायला टाकायची घाई होती, आणि मनात कुठेतरी होतं की ती एखादं वाक्य काढायला लावेल.

बुधवारी पहाटे भाऊंच्या गाडीवर मागे बसून मी चाकणला गेले. गेटवर मी आणि ते, दोन बाजूंना. तिच्या कंपनीची बस आली. बायका उतरल्या, ताई उतरली, आणि मला बघून ओळख न दाखवता, पूर्ण गंभीर चेहऱ्यानं माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय ओ मॅडम, काय वाटायलाव?"

"वाचा ना ताई," मी म्हणाले, "तुमच्याच कामाचं आहे."

तिनं पत्रक घेतलं, मला डोळा मारला, आणि वाचत वाचत आत गेली. तिनं माझी केलेली ती शेवटची थट्टा.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये कुणीतरी पत्रक मोठ्यानं वाचलं. मावसभावाच्या लग्नाला आल्यावर वाचणारीच थांबली. लाईन लीडरनं मान वर करून ताईकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. कुणी तिला वेडी म्हटलं नाही, कुणी हसलं नाही. एकीनं आपल्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात घातली. लाईन लीडर म्हणाली, आधी सांगायचं नाही का गं. आणि सुट्टी संपल्यावर त्याच बाईनं, लहान पोराच्या हातातून घेतात तसा, हळूच तिच्या हातातला कटर काढून घेतला आणि तिला पिशव्या मोजायला बसवलं. दोनच्या सुमाराला ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं की घरी जाऊन आराम कर, बरी झालीस की डॉक्टरांचं फिट असल्याचं पत्र घेऊन ये. पत्र कुठे मिळणार? दवाखान्यात. कधी? सोमवारी किंवा शुक्रवारी.

मी घरी आले तेव्हा पत्रकं सगळी संपली या आनंदात होते. गुरुवार सोडून ती उन्हाच्या वेळी खोलीत बसलेली मी कधी बघितली नव्हती. चार घड्या घातलेलं पत्रक मांडीवर होतं.

"नाव न्हाई टाकलीस तू," ती म्हणाली. "पण माझ्याबिगर दुसरं कुणी बसतंय का त्यात?"

त्या शुक्रवारी ते पत्र आणायला ती दवाखान्यात गेली नाही. मी हातापाया पडले. सहाव्या दिवशी ती लातूरच्या बसमध्ये बसली. चार दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या, त्या मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या आणि तिला दोनदा दाखवल्या. तिनं खिडकीतून हात केला नाही. मीही केला नाही.

मावशींना मी सांगितलं की ताई आईला बघायला गेलीय. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"आमाला काय ठावं न्हाई असं वाटतं व्हय तुला?" त्या म्हणाल्या. "गोळ्यांची पाकिटं माझ्याच कचऱ्याच्या डब्यात पडायची की. चार महिनं. आमचं मालक बीपीची खात्यात, ती डोस्क्याची खायची. मी बोलले का कुणाला? कळलं तरी गप ऱ्हायचं, एवढं तरी यावं गं माणसाला. तू शिकल्याली."

मला भाऊंनी समजावलं, स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस, पत्रकाचा परिणाम झालाय. झालाच होता. पुढच्या दोन महिन्यांत कितीतरी बायका संघटनेच्या ऑफिसात आल्या. स्कार्फ बांधून यायच्या, ओपीडीचा वार विचारायच्या, जायच्या. पुरुष यायचे नाहीत, फोन करायचे, मित्रासाठी विचारतोय म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. माझ्या बहिणीच्या जिवावर तुम्हाला पत्ता कळला, असं ओरडावंसं वाटायचं. मग वाटायचं की तिनं हे ऐकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मग कळायचं की मला ते माहीत नाही, कारण ती आता मला काही सांगत नाही.

आम्ही फोनवर बोलतो. म्हणजे मी बोलते. ती हं म्हणते, बरं म्हणते, आईकडं देते म्हणते. गावाहून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला पूर्ण दिवस मोडतो, म्हणून गोळ्यांत खंड पडतो. कधी आठवडा, कधी महिना. खंड पडला की तिच्या हं आणि हं मधलं अंतर वाढतं. मी ते अंतर ऐकायला शिकलेय. भोंगेवाला भाडेकरू खोली सोडून गेला, हे मी तिला सांगितलं. ती बरं म्हणाली.

गुरुवारच्या ओपीडीसाठी आम्ही दोनदा अर्ज दिला. दुसऱ्यांदा आरोग्य विभागातल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि शांतपणे विचारलं की मागणी आहे कुणाची? तुमच्या संघटनेचा शिक्का आहे, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. एका तरी पेशंटची सही आहे का? कागदावर मागणीच नसेल तर मी वर काय कळवू? मला संताप आला, कारण ते खोटं बोलत नव्हते.

सह्या घ्यायला मी निघाले होते. ऑफिसात आलेल्या एका बाईपुढे मी अर्ज ठेवला. तिनं पेन हातात घेतलं, अर्ज वाचला, पेन ठेवलं. म्हणाली, "सही केली की माझंपण तेच होणार ना ताई, त्या पत्रकातल्या बाईचं झालं ते?" ती पत्रकातली बाई माझी कोण, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला सही करायचा आग्रह केला नाही. त्यानंतर कुणालाच केला नाही.

चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलणार नाही. पण हातात कटर धरण्यासाठी आजार लपवावा लागतो, आजार लपवायला खोटं बोलावं लागतं, आणि आजार लपवलेला असतो म्हणून कागदावर मागणी दिसत नाही, हे मी रचलेलं नाही.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी तिला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. दोन ठिकाणी तिनं थांबवलं, ते काढ म्हणाली, ते मी काढलंय. गेटवरचं वाचताना मीच थांबले. "ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. संपल्यावर पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन आईकडे गेला. मग तिनं विचारलं, गुरुवारचं काय झालं? मी म्हणाले, अजून नाही.

"झालं की सांग. मग बघू."

दोन वर्षांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्या बघूवर मी सध्या जगतेय. ती येईल असं ती म्हणालेली नाही, हे मला नीट कळतं.

तेव्हा मागणी तुमच्याकडे आहे. तुम्ही बहुतेक रावेतच्या किंवा तसल्याच एखाद्या भागातल्या सोसायटीत राहत असाल. तुमचे डॉक्टर संध्याकाळी साडेसातची वेळ देतात आणि रजेच्या अर्जावर 'वैयक्तिक कारण' लिहिलं की तुमचं भागतं. गुरुवारच्या ओपीडीची तुम्हाला गरज नाही. म्हणूनच तुमची सही पाहिजे, कारण तुमचा कटर कुणी काढून घेणार नाही. एक साधा कागद घ्या. तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी गुरुवारी सुरू करा, एवढं एक वाक्य लिहा. खाली तुमचं पूर्ण नाव, पत्ता, सही. स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. खिडकीवरचा माणूस विचारेल की कुणासाठी पाहिजे. तिथे कुणाची गोष्ट सांगू नका. माझ्यासाठी पाहिजे, म्हणा.